शेवटचा बिंदू झाकून ठेवा

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो की माझं एक काम ठरलेलं असतं. घरातल्या, भावकीतल्या आणि गल्लीतल्या जेवढ्या पोरांचे शाळेचे प्रोजेक्ट राहिलेले असतात, ते सगळे माझ्यापुढे येऊन पडतात. 'इंजिनिअर व्हायलास ना, मग एवढं करून दे की!' हा त्यामागचा युक्तिवाद. मी अजून इंजिनिअर झालेलो नाही, दोन विषय राहिलेत, हे राणीसावरगावात कुणालाही सांगून पटत नाही.

या दिवाळीला नंबर होता चुलत भावाचा. पोरगं दहावीत आहे. गणिताच्या सरांनी वर्गाला काम दिलेलं: खेळातली कुठलीही आकडेवारी घ्या, तिचा आलेख काढा, त्यावर समीकरण बसवा आणि पुढचा अंदाज लिहा. कल्पना झकास होती, आम्हाला दहावीत असं काही कुणी दिलं नव्हतं. वर्गातल्या बहुतेकांनी विराटच्या नाहीतर रोहितच्या धावा घेतल्या. आमच्या धाकट्याने घेतला अविनाश साबळे.

का, तर त्याचा थोरला भाऊ पळतो. आमच्याकडे सकाळी पाच वाजता गंगाखेड रोडला जाऊन उभे राहा, अंधारात पोरांचे घोळकेच्या घोळके पळताना दिसतील. सगळी पोलीस भरतीची. त्यांच्या मोबाइलवर साबळेचा फोटो हमखास असतो. तो शेजारच्याच बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. आष्टी पार नगरच्या अंगाला आणि आमचा गंगाखेड तालुका या टोकाला, पण मराठवाड्याचा म्हटलं की आपलाच. शेतकऱ्याचं पोरगं, बारावीनंतर सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेलं, सियाचीनला राहिलं, राजस्थानच्या वाळूत राहिलं आणि मग २०१५ मध्ये क्रॉसकंट्री पळायला लागलं. म्हणजे ज्या वयात आपण हॉस्टेलच्या मेसला नावं ठेवत असतो, त्या वयात त्याची धावपटू म्हणून सुरुवात झाली.

त्याचा प्रकार ३००० मीटर स्टीपलचेस. २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या. यात १९८१ मध्ये गोपाळ सैनी यांनी ८ मिनिटं ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. तो ३७ वर्षं कुणाला हलला नाही. साबळेने तो २०१८ मध्ये मोडला आणि मग स्वतःचाच विक्रम मोडत सुटला. धाकट्याने वहीत दहा ओळी लिहून ठेवल्या होत्या. सप्टेंबर २०१८ भुवनेश्वर ८:२९.८०, मार्च २०१९ पतियाळा ८:२८.९४, ऑक्टोबर २०१९ दोहा ८:२५.२३ आणि तीनच दिवसांनी तिथंच ८:२१.३७. मार्च २०२१ पतियाळा ८:२०.२०, त्याच जुलैत टोकियो ऑलिम्पिक ८:१८.१२. मार्च २०२२ तिरुवनंतपुरम ८:१६.२१, जूनमध्ये रबात ८:१२.४८, ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅम ८:११.२०. आणि शेवटचा जुलै २०२४, पॅरिसची डायमंड लीग, ८:०९.९१.

आलेख कागदावर त्याने स्वतः काढला होता, पट्टी लावून. 'दादा, आता ह्यात समीकरण बसवून दे फक्त,' म्हणाला.

फक्त! मीही लॅपटॉप उघडला, एक्सेलमध्ये आकडे भरले, बिंदूंवर राइट क्लिक, ॲड ट्रेंडलाइन, लिनिअर, डिस्प्ले आर-स्क्वेअर. वीस सेकंदांचं काम. आपण सगळे असंच करतो. आणि आता तर तेवढंही करावं लागत नाही, आकडे चॅटजीपीटीला दिले की रेघ, समीकरण आणि वर दोन पानं 'निष्कर्ष' मिळतात. पण त्या दिवशी लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली, आणि मी धाकट्याच्या कागदाकडे बघत बसलो. काहीतरी चाळा म्हणून खिशातलं एक रुपयाचं नाणं काढून शेवटच्या बिंदूवर ठेवलं. पॅरिसचा तो बिंदू झाकला गेला.

'हा बिंदू नाहीच असं समज,' मी म्हणालो. 'आपण २०२२ च्या दिवाळीत बसलोय. उरलेल्या नऊ बिंदूंवरून सांग, पॅरिस ऑलिम्पिकला साबळे किती वेळात पळेल?'

लिस्ट स्क्वेअर कागदावर करायला तास गेला. दहावीच्या पोराला ते समजावणं काही अवघड नाही. प्रत्येक बिंदूपासून रेघेपर्यंतचं उभं अंतर मोजायचं, त्याचा वर्ग करायचा, सगळ्यांची बेरीज सर्वांत कमी येईल अशी रेघ निवडायची. सूत्र मी दिलं, बेरजा त्याने मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर केल्या. उत्तर आलं: दर वर्षी ४.३ सेकंद कमी. आर-स्क्वेअर ०.९३. म्हणजे वेळेतल्या चढउतारापैकी ९३ टक्के भाग या एका सरळ रेघेने पकडला. आपल्या लॅबमध्ये ०.९३ आला तर आपण फाइल बंद करून चहाला जातो.

मग रेघ पुढे ओढली. ७ ऑगस्ट २०२४, ऑलिम्पिकची अंतिम शर्यत. रेघ म्हणाली, ८ मिनिटं ४ सेकंद. त्या दिवशी मोरोक्कोच्या सुफियान एल बक्कालीने सुवर्णपदक घेतलं ते ८:०६.०५ मध्ये. म्हणजे आमच्या रेघेनुसार साबळेने त्याला दोन सेकंदांनी मागे टाकून सुवर्ण आणलं होतं! धाकटा नाणं उचलायला तयार होईना. प्रत्यक्षात साबळे त्या शर्यतीत ८:१४.१८ मध्ये अकरावा आला. महिनाभर आधीची त्याची आयुष्यातली सर्वोत्तम वेळसुद्धा रेघेच्या साडेपाच सेकंद वर होती. साडेपाच सेकंद म्हणजे स्टीपलचेसमध्ये तीसेक मीटर.

आता धाकट्याला चव लागली. म्हणाला, अजून ओढू. ओढली. मे २०२७ च्या सुमारास साबळे लमेचा गिरमाचा ७:५२.११ चा विश्वविक्रम मोडतो. आणि साल २१३६ मध्ये वेळ होते शून्य. गोळी सुटायच्या आत साबळे पलीकडे पोचलेला असतो, अडथळे आणि पाण्याच्या उड्यांसकट, वयाची एकशे चाळीस वर्षं उलटल्यावर.

आम्ही दोघं पोट धरून हसलो. पण मित्रांनो, हा विनोद मोठमोठ्यांनी केलेला आहे. २००४ मध्ये 'नेचर'सारख्या साप्ताहिकात एक टिपण छापून आलं. त्यात ऑलिम्पिकच्या १०० मीटर शर्यतीच्या वेळांवर पुरुषांची एक आणि स्त्रियांची एक अशा दोन सरळ रेघा बसवल्या होत्या. स्त्रियांची रेघ जास्त उताराची, म्हणून ती २१५६ च्या ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या रेघेला छेदून खाली जाईल असा अंदाज काढला होता. लगेच पत्रं आली. एका पत्रात शांतपणे दाखवून दिलं होतं की याच रेघा पुढे नेल्या तर साल २६३६ च्या सुमारास १०० मीटर शून्य सेकंदांत पळून होतील. रेघ बरोबर बसली होती, आर-स्क्वेअर चांगला होता, आकडे खरे होते. तरी उत्तर हास्यास्पद. म्हणजे चूक बसवण्यात नव्हती, ओढण्यात होती.

लाइट आल्यावर मी दुसरा उद्योग केला, सहाव्या ऑर्डरचा पॉलिनॉमिअल लावला. आर-स्क्वेअर आणखी वाढला. तो वाढतोच, ऑर्डर वाढवली की तो कमी होऊच शकत नाही. नऊ बिंदूंना आठव्या ऑर्डरचा लावला तर प्रत्येक बिंदूतून जाईल, आर-स्क्वेअर बरोबर १. आणि पुढच्या बिंदूबद्दल त्याला ओ की ठो माहीत नसेल. आमचा सहावा दोन वर्षं पुढे नेला तर आलेखाच्या बाहेरच निघून गेला.

यात काय बिघडलं ते शोधताना आम्ही जे केलं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आम्ही एकेक बिंदू हातात घेऊन विचारलं, तू कुठून आलास?

दोहाचे दोन बिंदू घ्या. तीन दिवसांत ३.८६ सेकंद सुधारणा, जवळजवळ रेघेची वर्षभराची कमाई. हे कसं? पहिल्या फेरीत दुसऱ्या धावपटूमुळे त्याला अडथळा झाला, तो पात्र ठरला नाही. भारतीय संघाने हरकत घेतली, ती मान्य झाली आणि त्याला अंतिम फेरीत घेतलं. तिथं तो ८:२१.३७ पळून तेरावा आला. हरकत फेटाळली गेली असती तर आमच्या आलेखात तो बिंदूच नसता आणि रेघेचा उतार वेगळा आला असता. एका कागदी अर्जावर एक बिंदू उभा आहे! त्यानंतर मार्च २०२१ पर्यंत बिंदू नाही. धाकटा म्हणाला, 'आळस केला असंल.' मी म्हणालो, २०२० आठव. 'हां, कोरोना.' रेघेला कोरोना माहीत नाही.

आणि सर्वांत मोठी गोम पुढेच होती. आमच्या यादीत फक्त विक्रम होते. जून २०२२ ला रबातमध्ये ८:१२.४८ आणि ऑगस्ट २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये ८:११.२०, हे दोन बिंदू शेजारी शेजारी. पण या दोघांच्या मध्ये जुलैमध्ये युजीनला जागतिक स्पर्धेची अंतिम शर्यत झाली. तिथं साबळे किती पळाला? ८:३१.७५. म्हणजे २०१८ च्या त्याच्या पहिल्या विक्रमापेक्षाही हळू! कारण त्या दिवशी सगळेच हळू पळाले, शर्यत डावपेचांची होती, एल बक्काली जिंकला तोसुद्धा ८:२५ मध्ये. पदकाच्या शर्यतीत घड्याळाशी कुणाचं भांडण नसतं, शेजारच्याशी असतं. २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक घेतलं ८:१९.५० मध्ये, तेही आमच्या यादीत नाही. उलट बर्मिंगहॅमला विक्रम करूनही त्याला रौप्यपदक मिळालं, केनियाच्या अब्राहम किबिवॉटने ८:११.१५ घेतले, फरक ०.०५ सेकंदाचा. विक्रमांची यादी म्हणजे घसरणारीच यादी, कारण न घसरलेलं आपण आधीच गाळलेलं असतं. मग त्यात 'दर वर्षी सुधारणा' दिसली तर नवल काय? हे म्हणजे नापास झालेल्यांना बाजूला काढून कॉलेजचा निकाल १०० टक्के लावण्यासारखं आहे.

आणखी एक. याच कागदावर १९८१ पासूनचे राष्ट्रीय विक्रम मांडले तर ३७ वर्षं आडवी रेघ आणि मग एकदम उतार. त्या आडव्या रेघेतून २०१८ चा उतार कुठल्याही समीकरणाला दिसला नसता. आलेखाच्या आडव्या अक्षावर आपण 'वर्ष' लिहितो म्हणून वर्षामुळे वेळ कमी होते असं थोडंच आहे? वर्ष पळत नाही.

धाकट्याने मग शहाण्यासारखा प्रश्न विचारला: 'मग रेघ सोडून दुसरं काय लावायचं? कुठंतरी थांबणारच ना तो?' थांबणारा वक्र म्हणजे एक्स्पोनेन्शिअल. आधी वेगाने उतरतो, मग मंदावतो आणि एका मर्यादेजवळ टेकतो. आता दहाही बिंदू घेतले. पण मर्यादा कुठली धरायची? आधी ८:०० धरली. आर-स्क्वेअर ०.९२. मग ७:५० धरली, म्हणजे साबळे कधीतरी विश्वविक्रमाच्याही पलीकडे जाईल असं मानलं. आर-स्क्वेअर? ०.९२! एका वक्रात तो आठ मिनिटं कधीच फोडणार नाही, दुसऱ्यात तो जगात पहिला होणार, आणि दोन्ही वक्र त्याच दहा बिंदूंवर तितकेच छान बसतात. मी दोनदा तपासलं. इतकी वर्षं आर-स्क्वेअर बघून फाइल बंद करणाऱ्या माणसाला हे जरा लागलंच. ज्या प्रश्नासाठी सगळा खटाटोप, त्याचं उत्तर त्या दहा आकड्यांत नव्हतंच.

आणि त्यात जे कुठेच नव्हतं ते २०२५ च्या जुलैत घडलं. मोनॅकोच्या शर्यतीत साबळे पडला, गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया करावी लागली, टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. त्याआधी मे महिन्यातच त्याने गुमीला आशियाई अजिंक्यपद घेतलं होतं. धाकट्याने वहीत त्या जागी बिंदू नाही, एक छोटी फुली काढली आणि शेजारी 'गुडघा' असं लिहिलं. मला ते फार आवडलं.

कुणी म्हणेल, मग खेळाला गणित लावूच नये का? तसं अजिबात नाही. १९९२ च्या विश्वचषकात सिडनीला पाऊस पडला आणि दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावांऐवजी फलकावर १ चेंडूत २२ दिसल्या, ही गोष्ट आपल्या वडिलांनी आपल्याला शंभरदा सांगितली आहे. (धावा खरं तर २१ हव्या होत्या, पण त्याने कुणाचं समाधान झालं?) त्यातून डकवर्थ आणि लुईस यांची पद्धत आली, १९९७ च्या जानेवारीत पहिल्यांदा वापरली गेली. त्यांचा वक्रही असाच मंदावत टेकणारा आहे. पण त्यांनी तो एक्सेलच्या यादीतून उचललेला नाही. हातात किती षटकं आहेत आणि किती विकेट, ही संघाची शिल्लक आहे असं त्यांनी आधी ठरवलं. विकेट कमी तर वक्र लवकर टेकणार. समीकरणातल्या प्रत्येक अक्षराला मैदानावरचा अर्थ आहे. केरळचे व्ही. जयदेवन हे आपल्यासारखेच सिव्हिल इंजिनिअर, त्यांनी यातल्या उणिवा दाखवत स्वतःची वेगळी पद्धत मांडली. भांडण झालं ते अर्थावरून झालं, आर-स्क्वेअरवरून नाही.

हे सगळं चाललेलं असताना थोरला ओसरीवर बसून ऐकत होता. तो माझ्याच वयाचा. बारावीनंतर दोन वर्षं शेती आणि भरती. त्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाला, 'माझं पण सांग की. होईल का नाही तेवढंच सांग.'

पोलीस भरतीत पोरांना १६०० मीटर पळावं लागतं. २० पैकी २० गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत. थोरल्याने मे महिन्यापासून दर १ तारखेला स्वतःची वेळ लिहून ठेवली होती: ६:४०, ६:२०, ६:०५, ५:५२, ५:४४ आणि ऑक्टोबरची ५:३९. मी सवयीने सरळ रेघ टाकली. दर महिन्याला १२ सेकंद कमी, आर-स्क्वेअर ०.९५, नोव्हेंबर संपता संपता ५:१०! साबळेपेक्षाही देखणा आलेख. तोंडातून 'होतंय की!' बाहेर पडणारच होतं.

धाकट्याने ऑक्टोबरच्या आकड्यावर नाणं ठेवलं. पोरगं माझ्यापेक्षा लवकर शिकलं होतं. मग आम्ही नुसत्या वजाबाक्या केल्या: २०, १५, १३, ८, ५. दर महिन्याची कमाई आधीच्या महिन्याच्या साधारण ७० टक्के. तीच गती राहिली तर पुढची सगळी कमाई मिळून १२ सेकंदांच्या आतबाहेर. म्हणजे ५:२७ च्या आसपास गाडी अडणार. सहा आकड्यांवरून सांगितलेलं हे, त्याचीही किंमत फार नाही, हे मी त्याला लगेच सांगितलं. सराव बदलला, कुणी जाणता शिकवणारा भेटला, तर वक्रच बदलेल. पण 'आत्ता पळायलास तसंच पळत राहिलास तर' याचं उत्तर सरळ रेघेपेक्षा हे जास्त खरं होतं.

थोरला बराच वेळ बोलला नाही. त्याने भरतीचं सगळं गणित धावण्याच्या २० गुणांवर मांडलं होतं. शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. १५ गुण १०० मीटरचे, १५ गोळाफेकीचे. गोळ्याला त्याने सहा महिन्यांत हात लावला नव्हता. शेवटी उठता उठता म्हणाला, 'मग गोळा आणावा लागतो.' मी जर ती ०.९५ वाली रेघ त्याच्या हातात देऊन हॉस्टेलला निघून आलो असतो, तर तो नोव्हेंबरअखेरची वाट बघत बसला असता. सेमिस्टरच्या असाइनमेंटमध्ये चुकीच्या रेघेने माझे दोन मार्क जातात. त्याचं वर्ष गेलं असतं.

आता हॉस्टेलकडे वळतो, कारण लेख त्यासाठीच लिहिला आहे. धाकट्याच्या आलेखाला सरांनी १० पैकी ७ दिले आणि शेरा लिहिला, 'रेषा सर्व बिंदूंतून जात नाही. खाडाखोड टाळावी.' मला राग आला आणि मग स्वतःचंच हसू आलं. आपण इथे वेगळं काय करतो? फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये व्ही-नॉचचा सी.डी. काढायचा असतो. तो ०.६ च्या आसपास यायला हवा हे सगळ्यांना आधीच ठाऊक. आमच्या बॅचचा आला ०.४८. टाकीचा कॉक गळत होता, आम्ही चौघांनी डोळ्यांनी बघितलं होतं. जर्नलमध्ये आम्ही काय लिहिलं? ०.६१. आधी उत्तर लिहिलं, मग त्यातून उलटं गणित करून हेड आणि वेळेची रीडिंग्ज बनवली, आणि खरं वाटावं म्हणून एखादं रीडिंग किंचित वाकडं ठेवलं. या कलेत आपल्या मजल्यावरचे काही सीनियर इतके तयार आहेत की त्यांच्याकडे सबमिशनच्या आदल्या रात्री रांग लागते. तिकडे धाकटा बिंदूंवर रेघ बसवत होता, इकडे आम्ही रेघेवर बिंदू बसवत होतो. आणि 'कॉक गळत होता' हे एक वाक्य जर्नलमध्ये कुठेच आलं नाही. त्या प्रयोगातलं इंजिनिअरिंग म्हणण्यासारखं तेवढंच होतं.

स्टाफला दोष देऊन मोकळं व्हायचं नाही. वीस जणांची बॅच, दोन तासांचं प्रॅक्टिकल, एक्स्टर्नल आला की त्याला सुबक फाइल दाखवायची असते, हे आम्हालाही दिसतं. पण सर, मॅडम, एक विनंती करून बघतो. जिथं जिथं कर्व्ह फिटिंग आहे, मग ते न्यूमरिकल मेथड्स असो, हायड्रॉलिक्स असो की मिनी प्रोजेक्ट, तिथं शेवटचं एक रीडिंग झाकून ठेवायला सांगा. आधीच्यांवरून त्याचा अंदाज लिहायचा, मग रीडिंग उघडायचं आणि फरक जसा आला तसा लिहायचा. फरक मोठा आला म्हणून मार्क कापू नका, कारण लिहिला नाही तर जरूर कापा. रीडिंगच्या तक्त्यात 'शेरा' नावाचा एक रकाना वाढवा. कॉक गळत होता, स्टॉपवॉच उशिरा दाबलं, लाइट गेली. आणि शेवटी एक ओळ: हे समीकरण कुठपर्यंत वापरावं आणि कुठून पुढे वापरू नये. एवढं झालं तर आमची जर्नल्स घाण दिसतील हे कबूल. रेक्टर सरांनी रात्री राउंडला यावं, त्या रांगेचं काय होतं तेही बघावं.

मित्रांनो, तुमच्यापैकी काहींना वाटेल की वाकडं रीडिंग लिहून फुकट व्हायवात कोण अडकणार. अडकाल. मी या सत्रात एका प्रयोगात अडकलो. सात मिनिटं उभा होतो, एक्स्टर्नल सर विचारत होते आणि मी सांगत होतो, कारण जे झालं होतं ते मला आठवत होतं. बनवलेल्या रीडिंगबद्दल विचारलं असतं तर सात सेकंदांत घाम फुटला असता. मार्क किती पडले ते अजून कळलेलं नाही.

गावाकडून दर १ तारखेला फोन येतो. नोव्हेंबरला थोरल्याची वेळ ५:३६. डिसेंबरला ५:३८, वर गेली. धाकट्याने बिंदू आहे तिथंच काढला आणि शेजारी 'ताप, ४ दिवस' असं लिहिलंय. जानेवारीला ५:३०. गोळ्याचाही आता वेगळा कागद सुरू झाला आहे, त्यावर अजून तीनच बिंदू आहेत. त्यातून रेघ ओढून दे म्हणून थोरला मागे लागला होता, तर धाकटाच त्याला म्हणाला, 'थांब की, एवढ्यात नको.'